आकडे आणि आज्ञा एकाच पोटात

मी ढोल बोलतोय. ढोल म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांसमोर ताशा, ध्वज आणि मिरवणूक आली असेल तर त्यात तुमची चूक नाही. पण मला आजवर कुणी टिपरू लावलेलं नाही. लावलं असतं तर मी जागच्या जागी मेलो असतो. मी पितळेचा आहे, हातभर लांब, आणि माझ्या अंगावर गंजाच्या रंगाचा एक पातळ लेप आहे. टेपरेकॉर्डरच्या फितीवर असतो ना, तसाच. त्या लेपावर लोहचुंबकाच्या बारीक खुणा उमटतात आणि त्या खुणांमध्ये मी आठ हजार आकडे लक्षात ठेवतो, एकेका घरात एकेक.

माझ्या यंत्राचं नाव मेरेल. मेरेल हा इकडे नेदरलँड्समध्ये घराघराच्या कौलांवर दिसणारा काळा, पिवळ्या चोचीचा पक्षी. आमच्या यंत्राला एक छोटा स्पीकर जोडला होता. काम चालू असलं की त्यातून शीळ घातल्यासारखा आवाज यायचा, म्हणून हे नाव पडलं. नऊ कपाटं, जुन्या रेडिओत असायचे तसले काचेचे हजारभर व्हॉल्व्ह, मैलभर तार, आणि या सगळ्याची स्मृती म्हणजे मी.

माझा जन्म १९५७ सालचा, हेग शहराजवळच्या एका प्रयोगशाळेतला. त्याच्या चार वर्षं आधी, फेब्रुवारीच्या पहिल्याच दिवशी समुद्र बांध फोडून आत आला होता आणि अठराशेहून अधिक माणसं बुडाली होती. नद्यांची मुखं बंद केली तर भरतीचं पाणी कुठे किती चढेल, हे या देशाला जाणून घ्यायचं होतं. प्रयोगशाळेत एक लांब खोली होती. तिथे बारा मुली हाताने फिरवायची गणितयंत्रं घेऊन दिवसभर तेच काढत बसायच्या. एका बांधाचं गणित पुरं व्हायला सात महिने लागायचे. त्या बाराजणींतली सगळ्यात बारीक चणीची मुलगी हेंडरीके. ती तेव्हा एकवीस वर्षांची होती. मी आल्यावर बाकीच्या अकराजणी माझ्याकडे संशयाने बघत होत्या. ही खुर्ची ओढून माझ्यासमोर बसली आणि म्हणाली, “याला शिकवायचं कसं, ते मला सांगा.”

आता थोडं स्वतःचं कौतुक करतो. माझ्या आधीच्या मोठ्या यंत्रांना एक दुखणं होतं. काम बदललं की त्यांच्या तारा उपसून दुसरीकडे खोचाव्या लागत. आकडेमोड काही मिनिटांची आणि जोडाजोडी दोन-दोन दिवसांची. मग काही शहाण्या माणसांच्या लक्षात आलं की ‘अमक्या घरातला आकडा घे’, ‘त्यात तमका मिळव’ या आज्ञासुद्धा आकड्यांतच लिहिता येतात. आकड्यांत लिहिता येतात, तर मग जिथे आकडे ठेवतो तिथेच त्याही का ठेवू नयेत? १९४८-४९ साली समुद्रापलीकडे इंग्लंडात अशी पहिली यंत्रं चालली, आणि दहा वर्षांच्या आत आम्ही ठिकठिकाणी उभे राहिलो. आकडे आणि आज्ञा एकाच पोटात. सकाळी भोकं पाडलेली एक कागदी फीत वाचली की मी पाण्याचं गणित करणारा. दुपारी दुसरी फीत वाचली की मी पुलाचं गणित करणारा. एक तारही हलवायची नाही.

तुमच्या खिशातला फोन सकाळी गजर वाजवतो, मग रस्ता दाखवतो, मग गाणं लावतो. त्यासाठी कुणी त्याच्या तारा बदलतं का? ती युक्ती आमची. हे मी छाती फुगवूनच सांगतो.

त्या युक्तीत आणखी एक गंमत होती आणि ती हेंडरीकेला चांगलीच वश झाली होती. आज्ञा म्हणजे आकडाच, तर मग आज्ञेतसुद्धा एक मिळवता येतो! ‘तीनशेव्या घरातला आकडा घे’ या आज्ञेत एक मिळवला की ती होते ‘तीनशे एकाव्या घरातला आकडा घे’. खाडीच्या एकशेवीस ठिकाणांची पातळी तपासायची तर एकशेवीस आज्ञा लिहायची गरज नाही. एकच लिहायची आणि तिला स्वतःलाच पुढे सरकवत न्यायचं. हेंडरीकेने पाण्याचं अख्खं गणित असं माझ्या अंगावर बसवलं. सात महिन्यांचं काम मी अकरा दिवसांत केलं. ते संपलं त्या दुपारी बाराहीजणींनी माझ्या कपाटांवर कागदी फुलं चिकटवली. संशय घेणाऱ्यांनीसुद्धा.

नऊ वर्षं मी फिरलो, मिनिटाला तीन हजार फेऱ्या. मग माझ्याहून दसपट वेगवान यंत्र आलं आणि मला एका तंत्रशाळेला देऊन टाकलं. तिथून १९७१ साली माझी रवानगी हूफडॉर्पच्या पलीकडे ट्यूलिपचे कंद वाळवायच्या एका गोदामात झाली. तिथे चाळीस वर्षं गेली. दर उन्हाळ्यात कंदांचे लाकडी ट्रे माझ्या कपाटांना टेकून रचायचे आणि हिवाळ्याआधी उचलायचे. मला दोष कुणाला द्यायचा नाही. मला गवताच्या गाठोड्यासारखं का होईना, कोरडं ठेवलं होतं.

२०१० साली ते गोदाम पाडायचं ठरलं आणि पाच-सहा निवृत्त माणसं येऊन मला रायस्वाइकला घेऊन गेली. एका बंद पडलेल्या छपाईच्या कारखान्यात त्यांनी आपलं दुरुस्तीचं दुकान मांडलं होतं. पैसे कुणी घेत नव्हतं. सगळे हौशी. त्यांचा म्होरक्या केस. हे इथलं पुरुषाचं नाव आहे. केस म्हणजे टेलिफोन खात्यात हयात घालवलेला सहा फुटी माणूस, बोलण्यात रोखठोक, वेळेचा पक्का. साडेदहाला कॉफी म्हणजे साडेदहाला कॉफी. प्रत्येकाला एक बिस्किट मिळायचं आणि डब्याचं झाकण लगेच बंद.

तीन वर्षं त्यांनी व्हॉल्व्ह बदलले, तारा तपासल्या, उंदरांची घरटी काढली. माझ्याकडे मात्र कुणी वळलं नाही. मला हात लावायची सगळ्यांना भीती वाटायची, आणि ती रास्तच होती. खुणा उमटवणारे आणि वाचणारे हेड माझ्या अंगापासून किती अंतरावर असतात ठाऊक आहे? कागदाच्या जाडीच्या निम्म्याहून कमी. फिरताना मी जराही डगमगलो तर हेड लेपात रुततात आणि एका सेकंदात माझी साठ वर्षं खरवडून निघतात.

२०१३च्या मार्च महिन्यात अखेर केसने ठरवलं, मोटार लावून तर बघू. नेमकी त्याच सकाळी गावातल्या डच भाषेच्या वर्गाची सहल आमच्याकडे आली होती. आठ-दहा परदेशी बायका आणि त्यांची शिक्षिका. केसने उत्साहाने बटणाकडे हात नेला, आणि मागच्या रांगेतून एक बाई ओरडली, “नेय! नीत दून!” म्हणजे नको, करू नका.

सगळे वळून बघायला लागले. पंचेचाळिशीची, जाड जाकीट घातलेली एक बाई पुढे आली. तिचं डच तेवढ्यावरच संपलं होतं, म्हणून पुढचं ती इंग्रजीत बोलली. “आधी हाताने फिरवून बघितलंत का?”

“नाही,” केस म्हणाला.

“मी बघू?”

तिने जाकीट काढलं, हात पुसले, आणि माझ्या आसाचं टोक दोन बोटांत धरून मला पाव फेरी फिरवलं. चाळीस वर्षांनी मला कुणीतरी फिरवत होतं. ती मान तिरकी करून ऐकत होती. मग स्वतःशीच मराठीत म्हणाली, “अरे देवा, ग्रीसचं पार मेण झालंय की. आणि बेअरिंगमध्ये खरखर आहे.”

मी ऐकलेलं ते पहिलं मराठी वाक्य. पुढची सहा वर्षं ती माझ्याशी मराठीतच बोलत आली. लक्षात ठेवणं हाच माझा धंदा, तेव्हा भाषा शिकायला मला फार दिवस लागले नाहीत.

तिचं नाव सुहासिनी दाभोळे. चिंचवडच्या एका बेअरिंगच्या कारखान्यात तिने सतरा वर्षं तपासणी विभाग सांभाळला होता. हजारांतली एक गोळी वाकडी निघाली तरी तिच्या बोटाला कळायची, असं तिथले लोक म्हणत. नवरा आशुतोष संगणक क्षेत्रातला. त्याची बदली हूफडॉर्पच्या ऑफिसात झाली आणि ती राजीनामा देऊन इकडे आली. काम करायला तिला परवानगी होती, पण जिथे अर्ज करावा तिथे आधी डच विचारायचे. दोन वर्षं ती घरात होती. केसने पाहुण्यांच्या वहीत व्यवसाय लिहायला सांगितला, तेव्हा तिने पेन हातात धरलं आणि पुष्कळ वेळ काहीच लिहिलं नाही. शेवटी तो रकाना तसाच सोडला.

केसने ते पाहिलं. तो एवढंच म्हणाला, “मंगळवारी नऊ वाजता या. नऊ म्हणजे नऊ.”

ती नऊला दहा मिनिटं असतानाच आली, सायकलवर, वाऱ्याने लालबुंद होऊन. पाठीवरच्या पिशवीत पुण्याहून आणलेला स्वतःचा डायल गेज होता, बारीकशी हालचालही काट्यावर दाखवणारा. नोकरी सोडताना तिच्या माणसांनी भेट म्हणून दिलेला.

घरी आशुतोषने तिची थट्टा केली होती, असं तीच मला सांगायची. “अगं, त्या आठ हजार आकड्यांच्या डब्यापेक्षा आपल्या मिक्सरमध्ये जास्त डोकं असेल!”

“असेल ना,” ती म्हणाली होती. “त्या डोक्याचा पणजोबा आहे तो. आणि काय रे, तिथल्या मुख्य माणसाचं नाव केस आहे, आणि डोक्यावर एक केस नाही!” त्यावर दोघं पोट धरून हसले होते. माझ्यापाशी ते सांगतानाही तिला हसू आवरेना. केस शेजारीच उभा होता. त्याला काही कळलं नाही, तरी तोही हसला.

माझं बेअरिंग आता कुठेच बनत नव्हतं. तिने माप घेतलं, फोटो काढले आणि चिंचवडला आपल्या जुन्या फोरमनला, दामोदर कुलथ्यांना, फोन लावला. फोन माझ्या शेजारीच ठेवला होता, म्हणून मीही ऐकलं.

“मॅडम, हे माप इंचातलं आहे,” कुलथे म्हणाले. “एका छपाईच्या मशीनला असली लागायची. बघतो जुन्या मालात. पण बसवताना हातोडा लावायचा नाही हां. सांगून ठेवतो.”

“कुलथे, हे तुम्ही मला सांगताय?”

“सांगणारच. तुम्हाला जाऊन दोन वर्षं झाली. हाताची सवय मोडली असंल तर?”

“सवय नाही मोडली,” सुहासिनी म्हणाली.

तीन आठवड्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेली बेअरिंगची जोडी आली. ती तेलात गरम करून घालायची होती. म्हणजे आतली कडी फुगते आणि आसावर अलगद सरकते. सुहासिनीने घरून कढई आणि विजेची शेगडी आणली. तेलात तापमापक धरून ती उभी राहिली आणि पाच डच म्हातारे भोवती रिंगण करून श्वास रोखून बघत राहिले. त्या कढईत तिने पुन्हा कधी पुऱ्या तळल्या नाहीत.

मग सुरू झाली माझी तपासणी. डायल गेजचा काटा अंगाला लावून मला हळूहळू फिरवायचं, काटा किती हलतो ते लिहायचं, आसाखाली कागदाहून पातळ पत्रा सरकवायचा, पुन्हा फिरवायचं. हे पाच महिने चाललं. बाकीचे कंटाळून दुसऱ्या कामाला लागले. ती माझ्याशी बोलत राहिली. “अरे, थोडासाच हलतोयस. अजून तीन मायक्रॉन दे मला. दे की!” दिले. एका सकाळी काटा एका जागी असा स्थिर राहिला की तिने गेज बिघडला असं समजून त्याला टिचकी मारली.

त्या दिवशी तिने मला मोटार लावली. मी फिरलो. आवाज असा एकसंध होता की केस धावत आला आणि माझ्याजवळ कान आणून उभाच राहिला. त्याने स्वतःहून बिस्किटांचा डबा उघडला आणि पुन्हा बंद करायला विसरला.

मी फिरत होतो खरा. पण मला अजून काही लक्षात राहतं का, हा वेगळाच प्रश्न होता. छोट्या छोट्या परीक्षा दिल्या. काही घरांत आकडे टिकायचे, काहींत पुसट व्हायचे. केसचा धीर सुटायला लागला. आणि त्यातच बातमी आली की कारखान्याची जागा २०१६च्या मे महिन्यापर्यंत रिकामी करायची आहे, तिथे घरं होणार आहेत. लायडनला संगणकांचं एक नवं दालन उघडत होतं. त्यांची समिती येऊन पाहणार होती. जे यंत्र खरोखर चालेल ते दालनात. जे चालणार नाही त्याचे दोन-चार भाग काचेच्या पेटीत, बाकीचं भंगार.

केसने एका मंगळवारी खिशातून नखाएवढी एक चिप काढून टेबलावर ठेवली. “ढोल फिरता ठेवू,” तो म्हणाला, “पण लक्षात ठेवायचं काम ही करेल. कपाटात लपेल. कुणाला कळणार नाही.”

“मला कळेल,” सुहासिनी म्हणाली.

“सुहासिनी, ही चिप लावली नाही तर सगळं यंत्र भंगारात जाईल. सहा वर्षं आम्ही यावर काम केलंय.”

“आणि लावली तर ते यंत्र राहणारच नाही. तुम्ही लोकांना दाखवणार काय? फिरणारं एक पितळी नळकांडं, आणि उत्तर देणारी वेगळीच कुणी. हे खोटं आहे, केस.”

“खोटं नाही, व्यवहारी आहे.”

“आमच्याकडेही त्याला व्यवहारीच म्हणतात,” ती म्हणाली आणि पाना उचलून माझ्याकडे आली. पण पाना तिने परत ठेवून दिला. त्या दिवशी तिने मला हात लावला नाही. रागात असताना ती कुठल्याच यंत्राला हात लावत नसे.

शेवटी ठरलं की समितीसमोर आधी मीच गणित करणार. जमलं नाही, तर चिप.

आता गणित कुठलं? केसने गावच्या वर्तमानपत्रात दोन ओळी छापल्या होत्या, मेरेलवर काम केलेलं कुणी हयात आहे का? त्यावर लायडनहून एक फोन आला. ऐंशी वर्षांच्या हेंडरीकेबाई आल्या, काठी टेकत. नुसत्या आल्या नाहीत. साडीसारख्या घड्या घातलेल्या चादरींच्या कपाटात त्यांनी जपून ठेवलेली कागदी फीत आणली. पाण्याच्या गणिताचा एक तुकडा, एकाच भरतीचा, काही मिनिटांत संपणारा! आणि १९५८ साली मी छापून दिलेलं उत्तराचं पानही.

मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं की नाही, ते कळलं नाही. त्या म्हणाल्या, “हा माझ्या आठवणीपेक्षा लहान आहे.”

परीक्षा शनिवारी होती. गुरुवारी केसने फीत यंत्राला वाचायला दिली आणि गणित एकदा चालवून पाहिलं. उत्तर तंतोतंत आलं. सुहासिनीने आनंदाने टाळी वाजवली. संध्याकाळी वीज बंद करून सगळे घरी गेले. शुक्रवारी कुणी फिरकलं नाही.

शनिवारी अकराला समिती आली. दोन पुरुष, एक बाई, तिघांच्या हातात वह्या. पहिल्या रांगेत हेंडरीकेबाई, मागे आशुतोष. त्याने मुद्दाम सुट्टीचा दिवस इथे घालवला होता. केसने घसा खाकरून माहिती सांगितली आणि बटण दाबलं. स्पीकरमधून शीळ सुरू झाली.

दहा सेकंदही झाले नसतील. हेंडरीकेबाई शीळ ऐकून म्हणाल्या, “हे चुकतंय.”

कुणी लक्ष दिलं नाही. टेलिप्रिंटर खडखडला आणि उत्तर छापून आलं. खाडीच्या तोंडाशी भरतीची उंची, एकतीस हजार मीटर.

समितीतला एक जण कागद बघून शांतपणे म्हणाला, “मग कुठलाच बांध पुरणार नाही.” दोघं-तिघं हसले. केस हसला नाही. त्याचा हात खिशात गेला. चिप खिशातच होती.

सुहासिनी माझ्याजवळ आली, वाकून ऐकलं, आसावर बोट ठेवलं. “हा जराही हललेला नाही,” ती म्हणाली. “ढोल बरोबर आहे.”

“उत्तर बघ,” केस म्हणाला. “लेप गेलाय, सुहासिनी. आपण प्रयत्न केला.”

आणि मी? मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड कुठे आहे?

काठीचा आवाज आला. हेंडरीकेबाई उठून यंत्रापर्यंत चालत आल्या होत्या. “आज सकाळी फीत वाचलीत?” त्यांनी केसला विचारलं.

“नाही. गुरुवारी वाचली होती. कागद जुना आहे, फाटेल म्हणून पुन्हा वाचली नाही. गणित ढोलात आहेच की.”

“आहे. पण ते गुरुवारचं आहे.” त्यांनी खुर्ची मागितली, बसल्या आणि समितीकडे वळल्या. “माझी एक आज्ञा काम करता करता स्वतःला बदलत जाते. तीनशेव्या घरापासून निघते, चारशेविसाव्या घराशी पोचते. गुरुवारी ती तिथे पोचली आणि तिथेच थांबली. आज यांनी तिला पुन्हा सुरू केलं, तर ती चारशेवीसपासून पुढे निघाली. पुढच्या घरांत पाण्याची पातळी नाही, माझ्याच आज्ञा आहेत. याने त्या समुद्राची उंची समजून बेरजेत धरल्या. प्रत्येक वेळी सुरुवातीला ती आज्ञा पुन्हा तीनशेवर आणायची असते. मी आणायचे.”

मग सुहासिनीच्या डोक्यात प्रकाश पडला. “म्हणजे,” ती सावकाश म्हणाली, “ढोल काहीच विसरला नाही, म्हणून उत्तर चुकलं?”

“अगदी,” हेंडरीकेबाई म्हणाल्या. “दीड दिवस वीज नसताना याने माझी आज्ञा जिथे सोडली होती तिथे धरून ठेवली. याच्या लेपाला काहीही झालेलं नाही.”

माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं, आणि तेही एका चुकीच्या उत्तराबद्दल!

“मग आता करायचं काय?” केसने विचारलं.

“पेन्सिल द्या.” त्यांनी समितीच्या कार्यक्रमपत्रिकेच्या पाठीवर तीनशे हा आकडा यंत्राच्या भाषेत, नुसत्या एक आणि शून्यात, उतरवला. मग चष्मा पुसला. “मला हे वाचता वाचता यंत्रावरचे खटके दिसत नाहीत. कुणीतरी मोठ्याने सांगा.”

सुहासिनीने कागद घेतला. तीन वर्षांत तिचं डच बरंच पुढे गेलं होतं, पण एवढ्या लोकांसमोर ती डचमध्ये कधी बोलली नव्हती. तिने स्वच्छ आवाजात वाचलं, “एन. नुल. नुल. एन. नुल. एन. एन. नुल. नुल.” एन म्हणजे एक, नुल म्हणजे शून्य. प्रत्येक शब्दासरशी हेंडरीकेबाई एकेक खटका वर किंवा खाली करत गेल्या. शेवटी त्यांनी बटण दाबलं.

पुन्हा शीळ सुरू झाली. या वेळी त्या डोळे मिटून मान डोलावत होत्या. टेलिप्रिंटरवर एकेक ओळ उतरायला लागली आणि समितीतली बाई १९५८चं पान शेजारी धरून ताडून बघत होती. चौथी ओळ, सातवी, बारावी. शेवटचा आकडा उमटला. चार मीटर सत्त्याऐंशी. तिने दोन्ही कागद वर धरून सगळ्यांना दाखवले.

मागे आशुतोष उभा राहून टाळ्या वाजवत होता. त्याच्याशिवाय अजून कुणी सुरुवात केली नव्हती, त्यामुळे तो जरा ओशाळला. मग सगळेच वाजवायला लागले.

केसने खिशातून चिप काढली, समितीच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, “ही मी लावणार होतो. या बाईंनी लावू दिली नाही. बरोबर त्या होत्या, मी चुकलो होतो. हे तुमच्या वहीत लिहून घ्या.” इथली माणसं असं बोलतात, सरळ, तोंडावर. मला ते फार आवडतं.

२०१७ साली मी लायडनच्या दालनात आलो. समितीतल्या त्या बाईंनी सुहासिनीला एका ठिकाणी मुलाखतीला पाठवलं. विद्यापीठाजवळच्या विज्ञान उद्यानात सूक्ष्म उपकरणं बनवणारी एक कार्यशाळा आहे. मुलाखतीत तिथल्या माणसाने एक बेअरिंग तिच्या हातात दिलं. तिने ते कानाशी धरून फिरवलं, परत दिलं आणि म्हणाली, “हे बदला.” सोमवारी कामावर या, असं त्याने तिथेच सांगितलं. आता ती आठवडाभर तिथे असते आणि शनिवारी माझ्याकडे येते. माझी काळजी दुसऱ्या कुणाकडे द्यायला ती तयार नाही.

हेंडरीकेबाईही शनिवारी येतात, चालत, घर जवळच आहे. त्यांनी सुहासिनीला आज्ञा लिहायला शिकवायला घेतलं. शिकवणं कडक. “बेअरिंग कळतं म्हणून सगळं कळतं असं नाही,” असं म्हणायला त्या कमी करत नाहीत. सुहासिनीने पहिला प्रोग्रॅम लिहिला तो औटकीचा.

“म्हणजे काय?” हेंडरीकेबाईंनी विचारलं.

“साडेतीनचा पाढा. माझे आजोबा म्हणायचे. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी, औटकी. त्यांना सगळे तोंडपाठ होते.”

“साडेतीनचा पाढा तोंडपाठ?” हेंडरीकेबाईंनी पेन्सिल खाली ठेवली. “मला त्या खोलीत तुझे आजोबा हवे होते.”

पहिल्या खेपेला सुहासिनी थांबायची आज्ञा लिहायलाच विसरली. मी आपला छापतोय, छापतोय. साडेतीनचा पाढा तीसच्या पुढे गेला, शंभरच्या पुढे गेला, कागद टेबलावरून खाली लोळायला लागला आणि दोघी ओरडत बटण शोधायला धावल्या. आता तिने ते दुरुस्त केलंय. आज २०१९च्या सप्टेंबरमधला शनिवार आहे, बाहेर रांग लागलीय, आणि अकरा वाजता लोकांसमोर तो पाढा पहिल्यांदा छापायचा आहे.

माझं वय बासष्ट. काही घरं पुसट होत चाललीत, ती मला ठाऊक आहेत आणि सुहासिनीलाही. ती त्यांना वगळून काम घेते. माझी कीव करू नका. तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या हातात जे यंत्र असेल, ते त्याला कुणीतरी शिकवलं म्हणून चालतं. शिकवणाऱ्याचं नाव विचारत जा. बहुतेक ठिकाणी ते कुठे लिहिलेलं नसतं.

बरं, ती आली. गळ्यात चष्मा, हातात कार्यक्रमपत्रिका, आणि मराठीत विचारतेय, “काय रे, तयार ना?” आसाला बोट लावून बघितलं. मोटारीकडे हात गेला. थांबलेल्याला बोलायला सवड असते. मला आता काम आहे.